पिस्ता रंगाची गाडी

डॉक्टर बहगत त्या दुपारी दुकानातून निघाले ते रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायला. गाडी विकत घ्यायला नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे इब्राहिमिया भागातल्या त्यांच्या गल्लीत अशी आवई उठली की या माणसाने वर्षभर गुपचूप बेत शिजवला होता. बेत शिजवण्याइतका आतल्या गाठीचा स्वभाव बहगतांचा नव्हता. त्यांचा दोष वेगळा होता. झाकलेली वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप झाकणाकडे जायचा.

तसे ते डॉक्टरही नव्हते. औषधांचं दुकान चालवायचे. पण अलेक्झांड्रियात औषधांच्या फळीमागे पांढरा डगला घालून उभं राहणाऱ्या प्रत्येकाला लोक डॉक्टर म्हणतात, आणि वर्षानुवर्षं कुणी तसं म्हणत राहिलं की माणसाची चालही तशी होते. औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला तो पातळ कागद, जो जगात कुणीच वाचत नाही, तो बहगत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. कुणाच्या घरी गेले तर 'आज काय केलंय' असं विचारण्याऐवजी थेट पातेल्यावरचं झाकण उचलायचे. मीरवत, म्हणजे त्यांची बायको, लग्नापासून यावरून त्यांना बोलत आली होती. बोलून काही उपयोग होत नाही हेही तिला लग्नापासूनच ठाऊक होतं.

तर त्या दिवशी गोळ्या पोचवणारा माणूस तापाने आडवा झाला होता, म्हणून बहगत स्वतः रुश्दी भागात मादाम कदरियांच्या बंगल्यावर गेले. बंगला विकला गेला होता. म्हाताऱ्या मादाम तळघरात खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसून काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवत होत्या. कोपऱ्यात सतरंजीखाली काहीतरी लांबलचक पसरलेलं होतं आणि त्यावर कांदे वाळत घातले होते.

"मादाम, हे काय आहे?" बहगतांनी विचारलं.

"कांदे."

"कांदे दिसताहेत. त्याखाली?"

"त्याखाली सतरंजी. सतरंजीखाली गाडी. गाडीखाली उंदीर. ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"नंतर," बहगत म्हणाले, आणि तोवर त्यांनी सतरंजीचं टोक उचललेलं होतं.

आतून एक गोल दिवा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. दिव्यामागे लांब, निमुळतं नाक. त्यामागे फक्त दोन सीटा, लाकडी सुकाणूचक्र आणि वर छप्पर नावाचा प्रकारच नाही. साठ सालच्या आसपासची इटालियन गाडी. ज्या माणसांना पोहोचायची घाई आहे पण कुठे पोहोचायचं आहे याची फारशी फिकीर नाही, त्यांच्यासाठी बनवलेली.

"चालते का?"

"आत आली तेव्हा चालत आली होती. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याने हौसेने घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याला सर्दी झाली. उद्या भंगारवाला येणार आहे न्यायला."

"मी घेतो," कुणीतरी म्हणालं. कोण बोललं ते बघायला बहगत वळले. मागे कुणी नव्हतं.

"कशाला?" मादामनी विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता, आणि पुढच्या काही महिन्यांत तो बहगतांना इतक्या लोकांनी विचारला की त्यांनी त्यावर निरनिराळी सुरेख उत्तरं तयार केली. पण त्या पहिल्या वेळी जे तोंडातून आलं तेच खरं होतं.

"आत काय आहे ते बघायला."

*

गाडी घरी आणायची कशी, हा पुढचा प्रश्न. टेम्पोवाल्यांनी नाकं मुरडली. शेवटी ज्याचा माल हिरावला गेला होता तो भंगारवालाच तयार झाला. त्याच्या खटाऱ्याला दोर बांधून गाडी ओढायची ठरलं. गाडीच्या चक्रावर कुणीतरी बसणं भाग होतं, म्हणून बहगत बसले. आता त्या खटाऱ्यावर एक भोंगा होता, आणि 'जुने फ्रिज, जुने पलंग, मोडकी यंत्रं, काहीही घेणार' असं तो अखंड ओरडत असे. बहगतांनी भोंगा बंद करण्याची विनंती केली. भंगारवाला म्हणाला की बटण तुटलंय, भोंगा बंद करायचा तर खटाराही बंद होतो. अशा रीतीने डॉक्टर बहगत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छप्पर नसलेल्या गाडीत ताठ बसून, भर संध्याकाळी आपल्या गल्लीत शिरले. पुढून भोंगा मोडक्या यंत्रांची चौकशी करत होता.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत ओदेत मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष. निवडणूक कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं.

"डॉक्टर," त्या वरून म्हणाल्या, "भंगारवाला गल्लीतून सामान घेऊन जातो एवढं मला माहीत होतं. आणून सोडतो, हे आज पाहिलं."

त्यांच्या वरच्या मजल्यावर मीरवत कपडे वाळत घालत होती. तिच्या दातांत चिमटा होता. तिने तो काढला नाही. त्यावरून बहगतांना अंदाज आला की बोलणं जेवताना होणार.

"दोघांची गाडी आहे," जेवताना बहगतांनी सुरुवात केली. मुलगा कुवेतला होता, घरात दोघंच. "म्हणजे आपल्याला अगदी पुरेशी."

"आपण दोघं मिळून शेवटचं कुठे गेलो होतो?" मीरवतने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिचे प्रश्न नेहमी एका ओळीचे असत.

बहगतांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "तुझ्या मावसभावाच्या मयताला."

"तेव्हाही परत येताना तू दुकानापाशी उतरलास," ती म्हणाली आणि भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. एवढंच. 

गाडी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवली गेली. ती जागा मंडळाने पाण्याच्या नव्या मोटरसाठी राखून ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी ओदेत मावशींनी बैठक बोलावली आणि फर्मान काढलं. "उन्हाळा लागला की वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही. त्याआधी ही वस्तू स्वतःच्या पायांनी बाहेर गेली पाहिजे. नाही गेली तर भंगारवाल्याचा नंबर मी लिहून घेतला आहे."

*

इथून पुढे औषधांच्या दुकानाचा सगळा कारभार उलटा झाला. इतकी वर्षं लोक यायचे, जीभ दाखवायचे आणि बहगत त्यांना सल्ला द्यायचे. आता लोक यायचे, गाडीचं विचारायचे आणि बहगतांना सल्ला देऊन, औषध न घेताच निघून जायचे. मधुमेहवाल्याने सांगितलं की गाडीच्या टाकीत साखर तर गेली नाही ना ते बघा. दम्याच्या बाईंना वाटत होतं की गाडीला मोकळ्या हवेची गरज आहे. ज्या माणसाला बहगतांनी पाच वेळा बजावूनही अँटिबायोटिकच्या गोळ्या अर्ध्यात सोडायची सवय होती, तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "डॉक्टर, एक काम धरलंत ना, तर ते पूर्ण करा. अर्धवट उपचार वाईट."

सर्वांत मोठे सल्लागार म्हणजे शेजारचे कप्तान फिक्री. ते नावापुरते कप्तान, आयुष्यभर मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. जहाजाचं इंजिन तीन मजली असतं आणि त्यात माणूस शिडी लावून उतरतो. कप्तानांनी गाडीचं बॉनेट उचललं, आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाकीचं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हेच आहे."

"एवढंच? बरं. मग मामुली काम आहे," कप्तान म्हणाले आणि घरून एक पाना घेऊन आले. तो पाना दोघांनी मिळून उचलावा लागला.

प्रत्यक्ष कामासाठी उस्ता झिनहुम नावाचा मिस्त्री ठरवला होता. झिनहुम हा अतिशय प्रेमळ, अतिशय बोलका आणि अतिशय आशावादी माणूस. त्याने इंजिनाचा एकेक भाग सुटा करून जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांवर मांडला, समाधानाने हात पुसले आणि म्हणाला, "उद्या जोडून देतो." मग त्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं. मग त्या चुलतभावाच्या मेव्हण्याचं. तोवर रहिवासी सकाळी कामावर जाताना भागांवरून उड्या मारत जात होते आणि ओदेत मावशी बाल्कनीतून प्रत्येक उडीकडे साक्षीदारासारख्या बघत होत्या.

बहगतांना मात्र, खरं सांगायचं तर, ते दिवस फार आवडले. हा दांडा कशाला ढकलतो, हे छिद्र कुठे उघडतं, ही नळी आधी वर जाऊन मग खाली का येते, या प्रश्नांनी त्यांना वेड लावलं. दुपारी दुकान बंद झालं की ते वर्तमानपत्रांच्या कडेला उकिडवे बसत. एक भाग तेलाने पुसताना त्याखालच्या वर्तमानपत्रातली बातमी वाचत आणि मग ती पुरी करण्यासाठी शेजारचा भाग उचलत. गाडीच्या पुढच्या फळीवर एक काळं बटण होतं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दाबलं तर काही होत नव्हतं. कप्तान म्हणाले, धुक्यासाठी असेल. ओदेत मावशींच्या मते ते सिगारेट पेटवण्याचं होतं, त्यांच्या तरुणपणी प्रत्येक चांगल्या गाडीत असायचं. बहगतांनी बटणामागची तार धरली आणि तिचा माग काढत काढत ते सीटखालून, गालिच्याखालून, मागच्या चाकावरून गेले. तार मागच्या डिकीत निघाली आणि तिथे संपली. तिला काहीच जोडलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. बहगत वर जाऊन मीरवतला म्हणाले, "ती कुठेच जात नाही." असं म्हणाले की जणू फार मोठी गोष्ट सापडली.

"मग एवढे हात कशाने काळे झाले?" मीरवतने विचारलं. पण नंतर, भांडी आवरताना, ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "पूर्वी काहीतरी जोडलेलं असेल. उगाच कोण एवढी तार टाकेल?"

शेवटी झिनहुमच्या घराण्यातली लग्नं संपली आणि इंजिन जोडून झालं. जोडून झाल्यावर वर्तमानपत्रावर मूठभर भाग शिल्लक राहिले.

"हे?" बहगतांनी विचारलं.

"जास्तीचे आहेत," झिनहुम म्हणाला.

बहगत औषधांच्या धंद्यातले. त्यांच्या धंद्यात काही शिल्लक राहिलं तर कुणीतरी दगावतं. त्यांनी आग्रह धरला, इंजिन पुन्हा उघडलं गेलं, आणि दुसऱ्या खेपेला शिल्लक भागांची संख्या वाढली. त्यावर दोघांनीही विषय बदलला. दोन नळ्या कुजल्या होत्या आणि तशा नळ्या शहरात मिळेनात. बहगतांनी दुकानातून एनिमाच्या संचातली रबरी नळी आणली, ती मापात बसली. हे गुपित त्यांनी आणि झिनहुमने आपसांत ठेवायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली मुलं गाडीला एनिमा दिल्याचं एकमेकांना सांगत होती.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आतून एक बारीक टकटक येत होती. झिनहुम म्हणाला डावीकडून येतेय, कप्तान म्हणाले उजवीकडून. बहगतांनी छातीचे ठोके ऐकण्याची नळी कानाला लावली आणि गाडीच्या कुशीला टेकवून, डोळे मिटून ऐकू लागले. इतक्यात ओदेत मावशी जिना उतरत होत्या. त्या थांबल्या.

"जगेल का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"जगेल," बहगत डोळे न उघडता म्हणाले.

*

मग रंगाचं काम. जुना रंग खरवडला तर खाली काळा निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली कसलासा मळकट हिरवा. प्रत्येक रंगागणिक बहगत थबकत. काळा कुणी दिला असेल? कुणी मेलं होतं की कुणी मोठ्या हुद्द्यावर चढलं होतं? रंगारी म्हणाला, साहेब, मला विचारू नका, मी फक्त घासतो. शेवटी सर्वानुमते गाडीला लाल रंग दिला. लाल असा की ओदेत मावशींनाही बाल्कनीतून 'ठीक आहे' म्हणावं लागलं.

रस्त्यावर चालवायचा परवाना नव्हता, म्हणून गाडी पुन्हा त्याच भोंग्यामागे बांधून वाहतूक खात्याच्या कचेरीत नेली. तिथे खिडकीमागे मादाम अवातिफ बसल्या होत्या. त्यांच्यासमोर टेबलावर मुलुखियाची जुडी होती आणि संध्याकाळच्या भाजीसाठी त्या पानं खुडत होत्या. बाई सभ्य होत्या, आवाज मायाळू होता. एका हाताने पानं खुडत त्यांनी दुसऱ्या हाताने मादाम कदरियांचे जुने कागद उलटले.

"इंजिनाचा नंबर बरोबर. सांगाड्याचा नंबर बरोबर. रंग पिस्ता."

"तो आता लाल आहे," बहगत म्हणाले.

"कागदावर पिस्ता आहे."

"मग कागदावर लाल करा."

"रंग बदलायचा तर गाडीचा परवाना चालू असावा लागतो, डॉक्टर."

"तर मग परवाना चालू करा."

"परवाना चालू करायचा तर गाडीचा रंग कागदाप्रमाणे असावा लागतो." त्यांनी एक पान बाजूला टाकलं. ते किडलेलं होतं. "मला खरंच वाईट वाटतं. लाल फार शोभतोय."

बहगत परत आले. येताना ते भंगारवाल्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. भोंगाच बोलत होता.

आता, पिस्ता म्हणजे नक्की कोणता रंग? ज्यांना वाटतं की हा सोपा प्रश्न आहे त्यांनी आपल्या घरातल्या माणसांना विचारून बघावं. रंगाऱ्याने पहिल्यांदा जो डबा मिसळला तो सरकारी इस्पितळाच्या भिंतीसारखा दिसला. दुसऱ्यांदा आलेला रंग पाहून कप्तानांना बोट लागल्याची आठवण झाली. अखेर बहगतांनी काम स्वतःच्या हातात घेतलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, मलमं खलायच्या काचेवर, थेंब मोजायच्या नळीने ते हिरव्यात पिवळा आणि पिवळ्यात पांढरा घालत बसले. बाहेर गिऱ्हाइकं खोकत उभी होती. मीरवत शाळेतून येताना दुकानात डोकावली, काचेकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून किंचित पिवळा." बहगतांनी किंचित घातला. ती मान हलवून निघून गेली. रंग जमला होता.

मादाम अवातिफनी रंगवलेला पत्र्याचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

"हा वाटाणा आहे," त्या म्हणाल्या.

बहगतांच्या सहनशक्तीचा इथे अंत झाला. माणूस अपमान गिळतो, पण वाटाणा गिळत नाही. ते ताडताड बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या खाऱ्या दाण्यांच्या दुकानातून पिस्त्यांची भली मोठी पुडी घेतली आणि येऊन खिडकीत ओतली.

"हा पिस्ता," ते म्हणाले. "लावून बघा."

मादाम अवातिफनी एक पिस्ता फोडला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने, खात्री करण्यासाठी, दुसरा फोडला. हळूहळू सगळी कचेरी खात्री करायला जमली. प्रश्न असा निघाला की कागद लिहिणाऱ्याच्या मनात पिस्त्याचं टरफल होतं, आतली जांभळट साल होती की गर. एकजण म्हणाला टरफल असतं तर त्याने 'दुधी' लिहिलं असतं. दुसऱ्याने विचारलं हे पिस्ते कुठले, कारण आपल्याकडे येणारे निराळे आणि सीरियातल्या हलबचे निराळे. तिसऱ्याने काहीच म्हटलं नाही, तो फक्त खात होता. एका माणसाच्या अडचणीत इतक्या जणांनी इतका रस घेतलेला बहगतांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"असं तुकड्यावरून कळत नाही," मादाम अवातिफ शेवटी म्हणाल्या. "पूर्ण गाडी रंगवून आणा. मी उन्हात बघते."

गाडी रंगवून आणली. सगळी कचेरी अंगणात उतरली. मादाम अवातिफ मुलुखियाची पिशवी हातात घेऊन गाडीभोवती एकदा फिरल्या, मग दुसऱ्या बाजूने फिरल्या. पत्र्यावर बोट ठेवलं. मग लाकडी सुकाणूचक्राकडे बघितलं.

"चालते का ही?"

"चालते," बहगत म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाकून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "बसा. अंगणातच एक फेरी मारू."

मादाम अवातिफनी इकडेतिकडे बघितलं. मग पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या. एनिमाच्या नळीतून पेट्रोल चढलं, इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि गाडी निघाली. अंगण लहान होतं. बहगतांनी एक फेरी मारली. थांबू लागले तर मादाम समोर बघत म्हणाल्या, "अजून एक. रंग हलताना कसा दिसतो ते बघायचंय." त्या आत बसल्या होत्या, त्यांना गाडीचा रंग दिसत नव्हता, हे कुणीच बोललं नाही. त्यांचा रुमाल वाऱ्यावर उडत होता, आणि मुलुखियाची चार पानं मागे उडून गेली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

उतरल्यावर त्यांनी रुमाल नीट केला, खिडकीमागे जाऊन बसल्या, शिक्का उचलला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "पिस्ता."

*

बहगत त्या दिवशी पहिल्यांदा भोंग्याशिवाय, स्वतःच्या इंजिनावर गल्लीत शिरले. ओदेत मावशींनी हात वर करून अभिवादन केलं. कप्तान फिक्री सगळी हकिकत ऐकून इतके खूश झाले की बहगत वर पोचायच्या आत त्यांनी ती मीरवतला जिन्यातच सांगून टाकली. अगदी रंगवून सांगितली, रुमालासकट.

बहगत घरात आले तेव्हा मीरवत मुलांच्या वह्या तपासत होती.

"परवाना मिळाला," ते म्हणाले.

"ऐकलं."

"पिस्ता मान्य केला."

"तेही ऐकलं." तिने एका गणितावर फुली मारली. "त्या बाई कशा बसल्या होत्या? आरामात?"

बहगतांना तेव्हा कळलं. माणूस चार महिने एका यंत्राच्या पोटात डोकं घालून बसतो, कुठली नळी कुठे जाते ते शोधतो, आणि घरातली साधी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते. ते सांगायला लागले की तो नाइलाज होता, की तसं केलं नसतं तर शिक्का मिळाला नसता. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना. त्या क्षणी त्यांच्या मनात शिक्का नव्हता. एका बाईने गाडीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेसाठी त्यांनी दार उघडलं होतं. मीरवतसाठी उघडायचं मात्र इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

"मीरवत," ते म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी मी दुकान उघडणार नाही."

तिने वर पाहिलं. लग्नानंतर असं वाक्य तिने बहुधा पहिल्यांदा ऐकलं असावं. "बरं," ती म्हणाली आणि पुढची वही ओढली.

गुरुवारी तिने काळा चष्मा लावला आणि डोक्याला एक निळा स्कार्फ गुंडाळला, जो बहगतांनी कधी पाहिला नव्हता. तो कुठून आणला ते ती सांगेना. समुद्राच्या कडेच्या रस्त्याने ते दोघं निघाले. वारा इतका होता की बोलता येत नव्हतं, आणि त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. लाटा धक्क्यावर आपटून रस्त्यावर शिंतोडे उडवत होत्या. एकदा शिंतोडा सरळ मीरवतच्या चष्म्यावर आला. तिने चष्मा पुसला आणि बहगतांना दिसलं की ती हसत होती.

स्टॅनलीच्या पुलावर गर्दी होती. गुरुवार लग्नांचा वार, आणि शहरातली प्रत्येक वधू फोटोसाठी त्या पुलावर येते. त्या गर्दीत एक वधू मात्र कठड्याला टेकून रडत होती. तिची भाड्याची, फुलांनी मढवलेली मोटार बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. भोवती नातेवाईक जमून एकमेकांना सल्ले देत होते. नवरा मुलगा, एक किडकिडीत तरुण, घामाघूम होऊन फोनवर कुणाशी तरी भांडत होता. त्यांच्या मागे वऱ्हाडाची मिनीबस.

बहगतांनी गाडी हळू केली. अर्थातच. बॉनेट उघडं होतं, आत काय झालंय ते बघायला नको का? ते उतरून आत डोकावणार, तेवढ्यात वधूने त्यांच्या गाडीकडे बघितलं आणि तिचं रडणं थांबलं.

"काका," नवरा मुलगा फोन ठेवून म्हणाला, "तुम्हाला असं विचारणं बरोबर नाही, पण हॉल इथे मोहरम बेग भागातच आहे. हिला एवढं पोचवता का? मी मागून येतो."

"तू मागून कसा येशील?" मीरवत म्हणाली. "लग्न तुझं आहे."

"गाडीत दोनच सीटा आहेत, काकू."

"दिसतंय मला." मीरवतने दार उघडलं आणि उतरली. स्कार्फ ठीक केला. "बहगत, उतर."

"पण," बहगत म्हणाले. "दुसऱ्या गियरला जरा… म्हणजे आधी क्लच अर्धा दाबून मग…"

"तुला चालवता येते का रे?" मीरवतने वराला विचारलं.

"येते, काकू."

"झालं तर मग. बहगत."

बहगत उतरले. हे त्यांना कसं जमलं ते त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. वधूचा पांढरा झगा इतका मोठा होता की तो आत कोंबायला तीन मावश्या लागल्या, आणि तरी निम्मा गियरच्या दांड्यावर आलाच. बहगतांनी वराच्या कानाशी वाकून दुसऱ्या गियरबद्दल, पेट्रोलच्या नळीबद्दल, डावीकडच्या दाराबद्दल सांगायला सुरुवात केली. एका काकांनी त्यांना शोफर समजून खांद्यावर थोपटलं आणि हातात मिठाईचा पुडा कोंबला. मग गाडी गेली.

डॉक्टर बहगत आणि त्यांची पत्नी वऱ्हाडाच्या मिनीबसमध्ये, दोन गाणाऱ्या आत्यांच्या मधे दाटीवाटीने बसले. बायका टाळ्या वाजवत होत्या, जीभ हलवून लांब किलकाऱ्या देत होत्या. ड्रायव्हर हॉर्नने ताल धरत होता. बहगतांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते खिडकीच्या काचेला नाक लावून पुढे बघत होते.

गाडी पुढे चालली होती. बहगतांनी तिला आतून पाहिलं होतं, खालून पाहिलं होतं, वर्तमानपत्रांवर सुटी पाहिली होती. चालताना कधीच पाहिली नव्हती. चालताना ती बसल्यासारखी, जमिनीला घसटून जायची. वळणावर जरा झुकायची आणि मग सरळ व्हायची. मावळत्या उन्हात तिचा रंग पिवळा की हिरवा ते कळत नव्हतं. झग्याचं एक टोक दाराबाहेर फडफडत होतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि एका चहाच्या दुकानातली सगळी खुर्च्यांसकट वळली.

"गाडी कुणाची आहे?" शेजारच्या आत्याने मीरवतला विचारलं.

"आमची," मीरवत म्हणाली.

पुढे सिग्नल लागला. गाडी थांबली. बहगत एकदम ताठ बसले आणि त्यांनी मीरवतचा दंड धरला.

"मागचा डावा दिवा लागला नाही."

"कुठला?"

"ब्रेकचा. उजवा लागला, डावा नाही. मला कसा दिसणार? मी कायम पुढे बसलेला." त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्या आत्यांना वाटलं वधूचा बाप हाच. "तार कुठेतरी तुटली असणार. चाकावर, नाहीतर डिकीपाशी. शोधावी लागेल. उद्या सकाळीच सुरू करतो."

मीरवत काही वेळ त्या एकाच दिव्याकडे बघत राहिली. मग सिग्नल सुटला, मिनीबस हलली, आत्यांनी नवीन गाणं धरलं.

"उद्या सकाळी मला वह्या तपासायच्या आहेत," ती म्हणाली. "दुपारी सुरू कर. मीही येते."